दोनशे डॉलर, स्वतःच्या हक्काचे : कोमागाता मारूवरच्या मुन्शी सिंगचे प्रकरण

२५ जून १९१४ रोजी व्हँकुव्हरमध्ये इमिग्रेशन खात्याच्या चौकशी मंडळासमोर होशियारपूर जिल्ह्यातल्या एका २६ वर्षांच्या शेतकऱ्याची सुनावणी झाली. नाव मुन्शी सिंग. कॅनडात शेती करायला आलो, असे त्याने सांगितले. जवळ पैसे किती, या प्रश्नाचे उत्तर होते वीस डॉलर. नियमाला हवे होते दोनशे. मंडळाने त्याला परत पाठवण्याचा हुकूम काढला आणि त्यासाठी तीन कारणे दिली : तो मायदेशाहून अखंड प्रवास करून आलेला नाही, त्याच्याजवळ दोनशे डॉलर नाहीत, आणि तो शेतकरी नसून मजूर आहे.

कोमागाता मारू हे ३७६ हिंदी प्रवाशांना घेऊन १९१४ मध्ये व्हँकुव्हरला आलेले आणि बहुतेकांना न उतरवताच परत पाठवलेले जहाज. मुन्शी सिंग त्यावरचाच. त्याची गोष्ट सांगताना अखंड प्रवासाच्या अटीवर सगळा भर पडतो, आणि तिचा चलाखपणा पाहता ते साहजिकच आहे. पैशाची अट मात्र एका वाक्यात उरकली जाते. वरवर पाहता तीनांपैकी तीच सर्वांत सोपी वाटते, कारण पैसे उभे करता येतात. माणसाचा प्रवासाचा मार्ग मागाहून बदलता येत नाही, वंश तर नाहीच नाही. मग व्हँकुव्हरमध्ये वर्गणी जमवणारे शेकडो हात असूनही ही अट पैसे जमवून पुरी का करता आली नाही, हे या प्रकरणात पाहण्यासारखे आहे.

अट आली कुठून

१९०४पर्यंत कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर हिंदी माणसे अगदी तुरळक होती. पुढच्या चार वर्षांत पाच हजारांवर आली. १९०७-०८ या एका आर्थिक वर्षात २,६२३. बहुतेक पंजाबी, त्यातही शीख, आणि त्यांतले कितीतरी फौजेतून निवृत्त झालेले. काम करवतगिरण्यांत, रेल्वेमार्गांवर, जंगलतोडीत. सप्टेंबर १९०७ मध्ये व्हँकुव्हरमध्ये चिनी आणि जपानी वस्त्यांवर दंगल झाली आणि ‘आशियाई थांबवा’ ही मागणी राजधानी ओटावापर्यंत पोचली.

चिनी लोकांसाठी आधीपासून डोईपट्टी होती : १८८५ साली ५० डॉलर, १९०० मध्ये १००, १९०३ पासून ५००. जपान ब्रिटनचा दोस्त, त्यामुळे त्याच्याशी सलोख्याचा करार करून तिथून येणाऱ्यांची संख्या जपाननेच आवरायची, असे ठरले. अडचण हिंदी माणसाची होती. तो ब्रिटिश प्रजाजन. ‘हिंदी लोकांना बंदी’ असे कायद्यात उघड लिहिले असते, तर लंडन आणि कलकत्त्याला ते भारतात निस्तरावे लागले असते. म्हणून नाव न घेता नेमका तोच माणूस अडेल असा नियम हवा होता. मॅकेंझी किंग, जे पुढे पंतप्रधान झाले, ते याच कामासाठी १९०८ मध्ये लंडनला जाऊन आले.

पहिला हुकूम जानेवारी १९०८ चा : जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून, तिथेच काढलेल्या थेट तिकिटावर, मध्ये न थांबता आलेल्यांनाच प्रवेश. भारतातून कॅनडाला थेट जहाजसेवा नव्हती. कॅनेडियन पॅसिफिक कंपनी जोडतिकीट देऊ शकत होती, पण सरकारने तिला ते विकू नका असे सांगितले. मार्चमध्ये माँटीगल जहाजावरून आलेल्या हिंदी प्रवाशांना या हुकुमाखाली अडवले गेले, तेव्हा न्यायमूर्ती क्लेमंट यांनी तो रद्द ठरवला. हुकूम काढण्याचा अधिकार कायद्याने सपरिषद गव्हर्नर जनरलला, म्हणजे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणाऱ्या गव्हर्नर जनरलला, दिला होता. हुकुमाने मात्र कुणाला अडवायचे हे मंत्र्याच्या मर्जीवर सोडले होते. सरकारने कायदा दुरुस्त केला, हुकूम नव्याने काढला, आणि जूनमध्ये दुसरा हुकूम जोडला : आशियाई स्थलांतरिताजवळ उतरताना २०० डॉलर हवेत. ज्या देशांशी खास करार किंवा ज्यांच्यासाठी खास कायदा आहे, ते वगळून.

या वगळण्यातच खरी मेख आहे. जपानशी करार होता, चीनसाठी कायदा होता. उरलेल्या आशियातून कॅनडाकडे येणारा मोठा लोंढा एकच. १९०८-०९ या वर्षात कॅनडात दाखल झालेल्या हिंदी लोकांची नोंद आहे : ६.

दोनशे डॉलर म्हणजे किती

त्या काळचा विनिमय पक्का होता : १५ रुपयांचा एक पौंड, आणि एक पौंड म्हणजे जवळपास ४.८७ डॉलर. म्हणजे २०० डॉलरचे सुमारे ६१६ रुपये. हे भाड्याव्यतिरिक्त. करवतगिरणीतला हिंदी मजूर कॅनडात दिवसाला दीड ते दोन डॉलर मिळवत असे. म्हणजे तिथल्या मजुरीनेही किमान शंभर दिवसांची पूर्ण कमाई, आणि तीही कॅनडात पाय ठेवण्याआधी खिशात हवी. तेवढे पैसे गाठीला असलेला माणूस सात समुद्र ओलांडून लाकडे ओढायला कशाला येईल, हा हिशेब अधिकाऱ्यांनीही केलाच असणार.

युरोपातून येणाऱ्यासाठी अट २५ डॉलरची होती. हिवाळ्याच्या महिन्यांत ५०. त्यातही ठरलेल्या शेतकामावर किंवा घरकामावर जाणाऱ्यांना सूट. हिवाळ्यात रक्कम वाढते यावरून या अटीमागचे कारण कळते : काम नसलेल्या दिवसांत माणूस सरकारवर ओझे होऊ नये. दोनशेच्या अटीत हिवाळा-उन्हाळा काही नव्हते. ओझ्याचा प्रश्न असता, तर ऋतूप्रमाणे आकडा बदलला असता.

चिनी डोईपट्टीशी तुलना केली की या अटीचा स्वभाव आणखी स्पष्ट होतो. ५०० डॉलर सरकारजमा होत, म्हणजे तो कर होता, क्रूर पण भरता येण्याजोगा. सावकाराकडून काढा, मालकाकडून उचल घ्या, भरणारा कोण हे कुणी विचारत नसे. २०० डॉलर सरकार घेत नव्हते, फक्त पाहत होते. ऐकायला हे सौम्य वाटते. पण पाहायचे म्हटले की कुणाचे, कुठे आणि कधी, हे तिन्ही प्रश्न येतात.

कलम ३७ आणि ‘स्वतःच्या हक्काचे’

१९१० च्या इमिग्रेशन कायद्याच्या ३७ व्या कलमाने सरकारला असा नियम करण्याचा अधिकार दिला, की स्थलांतरिताजवळ स्वतःच्या हक्काची अमुक एक किमान रक्कम असावी, आणि ती रक्कम वंश, व्यवसाय आणि जाण्याचे ठिकाण यांप्रमाणे वेगवेगळी ठेवता यावी. वंशानुसार रक्कम बदलण्याची मुभा थेट कायद्यातच लिहिलेली आहे, तीही लपवाछपवी न करता. या अधिकाराखालच्या हुकुमाची भाषा त्याहून एक पाऊल पुढे जाते : पैसे प्रत्यक्ष आणि व्यक्तिशः ताब्यात हवेत, शिवाय स्वतःच्या हक्काचे.

शब्द दोन आहेत, पण कुलपे तीन.

ताबा : पैसे उतरण्याच्या क्षणी अंगावर हवेत. जालंधरला वीस एकर बागायत असली तरी तिची किंमत शून्य. भावाने पाठवलेले, अजून न वटलेले पैसेही तसेच.

व्यक्तिशः : गटाचा पैसा चालत नाही. जहाजाच्या पुढाऱ्याकडे मोठी रक्कम असली, तरी तिची ३७६ माणसांत वाटणी मानली जात नाही.

हक्क : दुसऱ्याने ‘दाखवण्यापुरते’ दिलेले पैसे शब्दशः घेतले तर बाद. एकच थैली रांगेतल्या एकाकडून मागच्याकडे सरकवायची, हा बंदरांवरचा जुना धंदा आहे आणि हा शब्द त्यावरच नेम धरतो. पण त्याच नेमात गुरुद्वाऱ्याने प्रामाणिकपणे दिलेली मदतही सापडते.

आज व्हिसासाठी बँकेत पैसे ‘दाखवणाऱ्या’ कुणालाही ही भाषा ओळखीची वाटेल. कितीतरी ठिकाणी खाते अर्जदाराच्या नावावर हवे, शिल्लक इतके दिवस टिकलेली हवी, काका-मामांच्या ठेवी चालणार नाहीत. वंशाप्रमाणे आकडा बदलणे आता गेले, ताबा आणि हक्क यांची कसोटी मात्र जवळपास तशीच आहे.

१९१३ : एका शब्दावर सुटलेली माणसे

ऑक्टोबर १९१३ मध्ये पनामा मारू ही आगबोट पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हिक्टोरिया बंदराला लागली. तिच्यावरच्या ५६ हिंदी प्रवाशांपैकी ३९ जणांना परत पाठवण्याचा हुकूम झाला. वकील जे. एडवर्ड बर्ड यांनी हेबियस कॉर्पस (अडकवून ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणण्याचा) अर्ज केला. नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे मुख्य न्यायमूर्ती हंटर यांनी दोन्ही हुकूम, प्रवासाचा आणि पैशाचा, रद्दबातल ठरवले.

पैशाच्या हुकुमात चूक कोणती होती? कायदा ‘वंश’ म्हणतो, हुकुमात ‘आशियाई मूळ’ असे लिहिले होते. आशियात जन्मलेला इंग्रज माणूस आशियाई मूळाचा ठरू शकतो, पण आशियाई वंशाचा नाही. म्हणजे हुकूम कायद्याने दिलेल्या अधिकारापेक्षा रुंद झाला, म्हणून तो टिकत नाही. अधिकार आहे की नाही, वंशावरून भेद न्याय्य आहे की नाही, यावर हा निकाल काहीच बोलत नाही. मुळावर घाव न घालता शब्दावर जिंकलेला दावा किती टिकतो? मसुदा करणाऱ्याला एक शब्द बदलायला लागेल तेवढाच काळ.

तसेच झाले. डिसेंबर १९१३ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या बंदरांवर कारागीर आणि मजूर यांना बंदी घालणारा तात्पुरता हुकूम निघाला, पुढे त्याची मुदत वाढत गेली. ७ जानेवारी १९१४ रोजी प्रवासाचा आणि पैशाचा असे दोन्ही हुकूम सुधारलेल्या भाषेत पुन्हा निघाले. पैशाच्या हुकुमात आता ‘आशियाई वंश’ होते. नोव्हेंबरात उघडलेले दार जानेवारीत बंद झाले आणि आधी दोन होत्या तिथे आता तीन कड्या लागल्या.

निकालाची बातमी मात्र आशियातल्या बंदरांत पोचली होती आणि रंगवून सांगितली जात होती. हाँगकाँगच्या गुरुद्वाऱ्यात महिनोन्‌महिने जहाजाची वाट पाहणाऱ्यांना नोव्हेंबर कळला, जानेवारी नाही. ज्यांना कळला, त्यांनी हुकूम पुन्हा पाडता येईल असे धरले. प्रकरणातली पहिली चूक ही, आणि ती समजण्याजोगी आहे.

जहाजाचा पैसा

गुरदित सिंग मूळचे अमृतसर जिल्ह्यातल्या सरहालीचे, मलाया-सिंगापुरात ठेकेदारी करून नाव कमावलेले. मार्च १९१४ मध्ये त्यांनी कोमागाता मारू हे जपानी मालवाहू जहाज सहा महिन्यांसाठी घेतले, भाडे महिन्याला ११,००० हाँगकाँग डॉलर. (हाँगकाँगचा डॉलर तेव्हा कॅनडाच्या डॉलरच्या निम्म्याच्या आसपास होता. जुन्या मजकुरांत दोन्हींना नुसतेच ‘डॉलर’ म्हटलेले असते, त्यामुळे आकडे जुळवताना घोटाळा होतो.) करार करताना पहिला हप्ता, बाकीचे ठरावीक मुदतीत. तिकीटविक्रीवरून हाँगकाँगच्या पोलिसांनी त्यांना अटक केली, मग सोडले. हंगामी गव्हर्नरने कॅनडाला विचारणा केली, पण वेळेत उत्तर आले नाही.

४ एप्रिलला जहाज निघाले. हाँगकाँगहून १६५ माणसे, शांघायला १११, जपानमधल्या मोजीला ८६, योकोहामाला १४. एकूण ३७६ : ३४० शीख, २४ मुसलमान, १२ हिंदू. भारतातून बसलेला एकही नाही. अखंड प्रवासाच्या अटीवर निकाल इथेच लागलेला होता. कलकत्त्याहून जहाज आणले असते, तर किमान ती एक कडी न्यायालयात हलवून पाहता आली असती.

मोजीला दीड हजार टन कोळसा भरला. बेत व्यापाऱ्याला शोभेल असाच होता : व्हँकुव्हरला कोळसा विकायचा, त्यातून पुढचे हप्ते भरायचे, परतीला लाकूड किंवा दुसरा माल. पण हा सगळा हिशेब एका गृहीतावर उभा होता, की गुरदित सिंगना किनाऱ्यावर उतरता येईल. व्यापारी असूनही त्यांना उतरू दिले गेले नाही. धक्क्याला जहाज लागत नाही, माल उतरत नाही, हप्ता चुकतो, आणि हप्ता चुकला की मालकाला जहाज परत बोलावता येते. इमिग्रेशन अधिकारी माल्कम रीड आणि खासदार एच. एच. स्टीव्हन्स यांची मदार याच घड्याळावर होती. २३ मे रोजी व्हँकुव्हरच्या बरार्ड इनलेट या खाडीत जहाजाने नांगर टाकला. वैद्यकीय तपासणी रेंगाळत ठेवली गेली, एकेका प्रवाशाचा रीतसर निकाल दिला गेला नाही, कारण निकाल नाही तर अपील नाही. बर्ड यांना अशिलांशी मोकळेपणी बोलूही दिले जात नव्हते.

किनाऱ्यावर, व्हँकुव्हरमधल्या हिंदी पुढाऱ्यांच्या, म्हणजे हुसेन रहीम, भाग सिंग आणि इतरांच्या, समितीने पैसा उभा केला. साधारणपणे २२,००० डॉलर हा आकडा सांगितला जातो. थकलेले हप्ते भरले गेले आणि भाडेकरार रहीम आणि भाग सिंग यांच्या नावावर झाला. म्हणजे करवतगिरण्यांत राबणाऱ्यांनी काही आठवड्यांत एका आगबोटीचे भाडे फेडले. जे २४ जण शेवटी उतरू शकले, त्यांत बहुतेक आधीचे कॅनडावासी होते. तीन वर्षांच्या वास्तव्याने मिळणारा अधिवास त्यांच्यापाशी होता, त्यामुळे त्यांना ना तिकीट विचारले गेले ना दोनशे डॉलर. उरलेल्या ३५२ जणांना प्रत्येकी २०० म्हणजे ७०,४०० डॉलर. समजा समितीने जमीनजुमला गहाण टाकून तेही आणले असते, तरी ते प्रवाशांच्या ‘स्वतःच्या हक्काचे’ कसे म्हणायचे? आणि ते मानले, तरी उरलेल्या दोन कड्या तशाच. समितीने पैसा जहाज राखण्यात घातला तो योग्यच होता. जहाज गेले असते, तर खटला चालवायला अशीलच उरले नसते.

पाच न्यायाधीश, एक उत्तर

आठवडे गेल्यावर तोडगा निघाला तो असा, की एका प्रवाशाचे प्रकरण नमुना म्हणून घ्यायचे आणि सरळ अपील न्यायालयात न्यायचे. मुन्शी सिंगची निवड झाली. अर्ज खालच्या न्यायालयात नुसता फेटाळून घेतला आणि ६ जुलै १९१४ रोजी ब्रिटिश कोलंबियाच्या अपील न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने विरुद्ध निकाल दिला.

बर्ड यांचे मुद्दे दोन पातळ्यांवर होते. एक, ब्रिटिश प्रजाजनाला साम्राज्यात कुठेही जाण्याचा हक्क आहे आणि कॅनडाची संसद तो काढून घेऊ शकत नाही. दोन, हुकूम कायद्यात बसत नाहीत आणि मुन्शी सिंग शेतकरी असल्याने मजूरबंदी त्याला लागू नाही. पहिल्याला उत्तर : स्थलांतराबद्दल कायदे करण्याचा पूर्ण अधिकार १८६७ च्या घटनेने कॅनडाला दिला आहे. दुसऱ्याला उत्तर : हुकुमांची भाषा आता कायद्याशी जुळते. शिवाय २३ वे कलम होते. नागरिक नसलेल्या आणि अधिवास नसलेल्या माणसाबाबत मंडळाने कायद्यानुसार दिलेल्या निर्णयात न्यायालयांना हात घालता येत नाही, असे ते सांगते. तो शेतकरी की मजूर, याची तथ्ये तपासणे त्यामुळे मंडळाच्याच हाती राहिले.

खरे तर शेतकरी असल्याचा त्याचा मुद्दा मजबूत होता, पण त्याला आतून तडा देणारी गोष्ट पैशाचीच होती. वीस डॉलर घेऊन आलेला माणूस जमीन विकत घेऊन शेती करणार, हे मंडळाला पटवायचे कसे? जवळ पैसे नाहीत म्हणजे तो मजुरीच करणार, आणि मजूर तर बंद. एक अट न पाळल्याचा पुरावा दुसऱ्या अटीसाठीही वापरता आला. जवळ दोनशे असलेला एखादा जमीनमालक नमुना म्हणून उभा केला असता, तर हा मुद्दा तरी स्वतंत्रपणे लढवता आला असता. प्रवासाचा मुद्दा तेव्हाही उरलाच असता, म्हणून निकाल बदलला असता असे म्हणवत नाही.

नंतर

१९ जुलैच्या पहाटे ‘सी लायन’ टगबोटीवरून आलेल्या पोलिसांना प्रवाशांनी हुसकावले, दारूगोळा म्हणून कोळशाचे ढेकूळ वापरून. २३ जुलैला ‘रेनबो’ या युद्धनौकेच्या पहाऱ्यात जहाज निघाले. परतीचा शिधा कॅनडा सरकारने भरून दिला, कारण रिकाम्या कोठाराने निघायला प्रवासी तयार नव्हते. २९ सप्टेंबरला कलकत्त्याजवळ बजबज येथे, पंजाबकडे जाणाऱ्या खास गाडीत बसायला नकार देऊन निघालेल्या प्रवाशांवर गोळीबार झाला. वीसच्या आसपास प्रवासी मारले गेले.

या बातमीने उत्तर अमेरिकेतल्या हिंदी क्रांतिकारकांच्या गदर पक्षाला जेवढी माणसे दिली, तेवढी कुठल्या भाषणाने दिली नसतील. त्या शरद ऋतूत अमेरिकेहून परतणाऱ्यांत तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे होते. मार्च १९१५ मध्ये ते मेरठच्या छावणीत पकडले गेले, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला कर्तार सिंग सराभांबरोबर फाशी गेले.

अखंड प्रवासाचा नियम १९४७ मध्ये उठला. १९५१ पासून भारतातून वर्षाला १५० माणसे घेण्याचा कोटा ठरला. कोमागाता मारूवर त्याच्या दुपटीहून जास्त होती.